बिनमिठाचं भरीत

आबा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या हयातीत तुमच्यासमोर सलग चार वाक्यं बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणून आता लिहितोय. धुळ्यात कापसाच्या जिनिंगमध्ये तुम्ही मुकादम होतात, आणि घरी आल्यावरही मुकादमच असायचात. देवपूरच्या त्या स्वयंपाकघरात तुम्ही जेवायला बसलात की आई हातातलं काम सोडून तुमच्या पहिल्या घासाकडे बघत राहायची. "मीठ बरोबर शे ना?" ती विचारायची. एकदा कमी पडलं, तर ताट अंगणात गेलं. आपण असं व्हायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं होतं. पुढे मी धंद्यात पडलो तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "धाक शे, ते काम शे." धाक आहे, तर काम आहे. ते मात्र मनापासून शिकलो. आज यावल रस्त्याला माझं केळीचं पॅकिंग आहे, हाताखाली तीस-चाळीस माणसं आहेत, आणि मी आत शिरलो की त्यांचं हसणं थांबतं. त्याला मी आजवर शिस्त म्हणत आलो.

परवा शेतात सगळ्यांना भरीत पार्टी दिली. वांगी मीच भाजली, लाकडी बडगीत मीच कुटली, वाढलंही मीच. "भाऊ, एक नंबर शे!" एरंडोलकडचा आमचा ड्रायव्हर म्हणाला. बाकीचे माना डोलवत होते. मुलीला विचारलं, "कसं झालंय गं?" तिनं आधी आपल्या आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग म्हणाली, "छान झालंय, पप्पा." सगळ्यांत शेवटी मी घास घेतला. भरतात मीठच नव्हतं. मिठाची पिशवी पंगतीच्या मधोमध उघडी पडली होती, आणि एवढ्या माणसांत एकानंही तिला हात लावला नव्हता.

मान खाली गेली, आबा. माणसांची पोटं माझ्यावर आहेत, त्यांचं समजू शकतो. पण पोर दहा वर्षांची आहे, तिच्यावर मी कधी हात उगारलेला नाही. हे पत्र तुम्हाला चार शब्द सुनावायला घेतलं होतं. पण तुम्हाला निदान ताट तरी फेकावं लागलं, माझं त्याशिवायच भागलं.

चुकलं, असं मी तिथं म्हणालो नाही. ताटातलं संपवलं आणि हात धुतले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. सगळे ते अळणी भरीत घाबरून गिळताहेत हे कळलं, तेव्हा लाज वाटायच्या आधी, क्षणभर मला बरं वाटलं होतं.