रिव्हेट मशीन क्र. ४ ची नवी पकड दुपारी आपोआप मिटते, त्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
यंत्र व सुरक्षा विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला

विषय: मशीन क्र. ४ वरील पकड काढणे, निदान सोमवारची नेमणूक रद्द करणेबाबत.
संदर्भ: माझे यापूर्वीचे तीन अर्ज व तिन्हींवरील "दोष आढळला नाही" हा शेरा.

महोदय,

१. मी एकतीस वर्षे या कारखान्यात रिव्हेट मारण्याचे काम करीत आहे. गेल्या महिन्यात मशीन क्र. ४ च्या तोंडाला हवेच्या दाबावर चालणारी नवी पकड बसवली. पेडल दाबले की ती खाली येऊन दोन्ही पत्रे घट्ट धरते, मग रिव्हेट बसतो. सकाळी तिला नाव ठेवायला जागा नाही. मात्र दुपारी तीनच्या सुमारास मशीन तापले की पेडलला पाय न लावताही ती मिटते. आजवर सात वेळा मिटली.

२. प्रत्येक अर्जानंतर फिटर तपासणीला आले, हे मी नाकारीत नाही. परंतु नियमात "थंड यंत्राची तपासणी" असे लिहिले असल्याने ते सकाळी आठलाच येतात. तीनला या, अशी मी हात जोडून विनंती केली. त्यावर "अहो, तापलेल्या मशीनमध्ये हात घालायला मला काय वेड लागलंय?" असे ते म्हणाले. महोदय, माझे म्हणणे याहून वेगळे नाही.

३. मंगळवारी पकडीने माझ्या हातमोज्याचे बोट धरले. मोजा एक माप मोठा होता म्हणून आत माझे बोट नव्हते. यावर फोरमनसाहेबांनी "अर्जदार वयोमानाने भित्रा झाला आहे" असा शेरा मारून मला पॅकिंगला हलवले. सोमवारपासून माझ्या जागी माझ्या सुनेची नेमणूक झाली आहे. कारण दिले आहे: बोटे बारीक व चपळ.

४. सून याच कारखान्यात नटबोल्ट निवडते. बढती मिळाली म्हणून पोर हरखून गेली आहे. मी सांगू लागलो तर "बाबा, तुमचं आपलं काहीतरीच!" म्हणून हसली. काल तिने नवे हातमोजे घालून दाखवले. अगदी मापाचे आहेत. मला भीती वाटते, आणि ती वयाची नाही.

५. तरी सोमवारपूर्वी पकड काढावी, निदान सुनेची नेमणूक रद्द करावी. ते शक्य नसल्यास एवढेच करावे: "दोष नाही" हा दाखला आपल्या सहीने निघतो. तो कागद पत्र्यांच्या जागी, पकडीखाली ठेवून, सोमवारी दुपारी तीन वाजता आपण त्यावर सावकाश, पूर्ण नावाची सही करावी. पेडलजवळ कोणीही उभे राहणार नाही, याची हमी मी देतो. आपली सही पुरी झाली, तर सुनेला मी स्वतः नेऊन मशीनवर उभी करीन.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,

(सही)
रिव्हेट कारागीर, मशीन क्र. ४
(सोमवारपासून पॅकिंग)
दिनांक: शुक्रवार, दुपारची पाळी