अकरा नंबरच्या गाडीतील उणे चाळीस अंशांबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
वाहन दुरुस्ती कार्यशाळा.

विषय: हायब्रिड गाडी क्र. ११ सामानासह तपासण्याची परवानगी मिळणेबाबत व फिरत्या नर्सला दिलेली नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ: आपली नोटीस, दि. ३ ("वारंवार खोटी तक्रार करणे").

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी आपल्या कार्यशाळेत एकोणीस वर्षे बॅटरी मेकॅनिक आहे. सदर गाडी घेऊन घरोघरी रुग्ण पाहणारी नर्स माझी सख्खी धाकटी बहीण आहे. नाते लपवण्याचा हेतू नव्हता. कोणी विचारले नाही.

१. ही गाडी चढावर अचानक मान टाकते, तांबडा दिवा लागतो आणि पाच मिनिटांनी जणू काही झालेच नाही अशा थाटात चालू लागते. चार महिन्यांत ती सात वेळा आमच्याकडे आली. सातही वेळा बॅटरीचे तापमान मोजणारे सेन्सर शहाण्यासारखे वागले व सातही वेळा मी "दोष आढळला नाही" लिहून सही केली. घरी कामाचे बोलायचे नाही, तक्रार लेखी द्यायची, हा माझाच दंडक होता. बहिणीने तो पाळला.

२. आठव्या वेळी गाडी भर चढावर थांबली तेव्हा मागचा ट्रक हातभर अंतरावर कसाबसा थांबला. तिने पुन्हा तक्रार केली, म्हणून नोटीस. शुक्रवारपर्यंत खुलासा मान्य न झाल्यास तिची नोकरी जाईल. "ताप बाईंच्या डोक्यात आहे, बॅटरीत नाही," असा विनोद आमच्याकडे चालतो. त्याला मीही हसलो आहे, हे नमूद करतो.

३. रविवारी मी नियम मोडून, सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलो व बहिणीला गाडी चालवायला लावली. डावीकडे रेललो की तीन नंबरचा सेन्सर उणे चाळीस अंश दाखवी. सरळ बसलो की छत्तीस. आम्ही दोघे घामाने निथळत होतो आणि बॅटरी बर्फात! उणे चाळीस म्हणजे थंडी नव्हे, तुटलेली जोडणी. सेन्सरची वायर सीटच्या डाव्या बाजूखालून जाते. वजन पडले की ती ताणली जाते, प्लग ढिला होतो, आणि गाडीचा संगणक घाबरून बॅटरीचा जोर काढून घेतो.

४. बहीण त्याच सीटवर डावीकडे औषधांची जड पेटी ठेवते. परंतु आपल्या परिपत्रकानुसार प्रत्येक गाडी फाटकावर रिकामी करूनच आत घेतात. त्यामुळे दोषही फाटकावरच उतरतो.

५. मी नवी वायर मागायला गेलो तेव्हा भांडारप्रमुख म्हणाले, "रिकाम्या गाडीत दोष दाखवा, वायर लगेच घेऊन जा." रिकाम्या गाडीत तो दिसत नाही, हेच माझे म्हणणे असल्याचे मी त्यांना तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनी चहा मागवला. मी स्वतः सीटवर बसून दाखवतो म्हटले, तर तपासणीवेळी सीटवरील कोणतेही वजन "सामान" ठरते, असे कळले. तरी माझी ब्याऐंशी किलो सामान अशी नोंद करून मला आत सोडावे. माझी हरकत नाही.

६. महोदय, खरे दुखणे वेगळेच आहे. नोटीस आली त्या दिवशी जेवताना मी बहिणीला म्हणालो, मी साहेबांशी बोलतो. ती ताटातून वर न बघता म्हणाली, "राहू दे दादा. सात वेळा तूच सही केलीस ना? मग माझंच काहीतरी चुकत असेल." रविवारी मी गाडीत बसलो तो त्यामुळे.

तरी नोटीस मागे घ्यावी, गाडी पेटीसकट तपासू द्यावी व तोवर ती चढावर पाठवू नये. माझ्या सातही सह्या रद्द समजाव्यात. शिक्षा करायचीच असेल तर ती मला करावी.

आपला नम्र, आणि या प्रकरणात चुकलेला,
(सही)
बॅटरी मेकॅनिक
दि. ९

सोबत:
अ) "दोष आढळला नाही" असे सात दाखले, माझ्या सहीचे.
आ) रविवारी घेतलेल्या तापमानाची नोंद.
इ) बहिणीची वही. पहिल्या पानावर, पहिल्या तक्रारीच्या दिवशी लिहिले आहे: "पेटी मागे ठेवली की दिवा लागतो. दादा बघेल." ही वही सातही वेळा गाडीच्या कागदांसोबत माझ्या टेबलावर आली होती. मी ती काल उघडली.