चामटोलीची बस पुन्हा बंद झाली

आई, आपल्या फाट्यावरची बस पुन्हा बंद झाली. तुझ्या वेळची बंद झाली तेव्हा मी शाळेत होते. एवढंच कळलं, की उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या जीन्सच्या कारखान्यात तू काज-बटणाला जायचीस ते सुटलं आणि तू दुपारची घरात दिसायला लागलीस. निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात घेऊन बसायचीस. बाबा म्हणाले, बरं झालं, दगदग वाचली.  त्यानंतर तू फार वर्षं काढलीही नाहीस.

सुट्टीत कधी मला बरोबर न्यायचीस. एका सकाळी आपण फाट्यावर उभ्या आहोत, मी चिंचा वेचत लांब गेलेय, आणि तू मनगट धरून मला रस्त्याच्या कडेला ओढून आणतेस. "थांब्यावर माणूस दिसला नाय तर गाडी कशाला थांबंल?" म्हणतेस. मी रडते. गाडीत तू मला खिडकी देतेस. कारखान्याची मालकीण सिंधी होती. तिने माझ्या हातावर भाजलेला पापड ठेवला आणि म्हणाली, तेरी माँ कभी लेट नहीं आती. तू मान वर केली नाहीस, पण हसलीस. घरी तुला असं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

आता मी अंबरनाथ पूर्वेला एका दवाखान्यात कामाला आहे. तुझा धाकटा बदलापूर स्टेशन ते चामटोली शेअर रिक्षा चालवतो. डोंगराच्या अंगाला जी वाडी आहे, तिथली एक मुलगी बारावी झाली. तिला उल्हासनगरला नर्सिंगला मीच घातलं. तिच्या बापाची अट एकच होती, अंधार पडायच्या आत घरी. आणि आपल्याकडे संध्याकाळी रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, वाडीपर्यंत तर कुणी जातच नाही. म्हणून मी बसच्या मागे लागले. गावातल्या बायका घेऊन बसच्या ऑफिसात गेले. साहेब वाईट नव्हते. सगळ्यांना बसवलं, चहा मागवला, मग म्हणाले, ताई, पॅसेंजरच नाहीत, रिकामी गाडी किती दिवस पळवू? मी म्हटलं, "तुम्ही वेळेवर सोडा, पॅसेंजर मी आणते."

आणि बस आली, आई. नवी कोरी, विजेवर चालणारी, आवाजसुद्धा न करणारी. बायकांनी तिला हळदकुंकू लावलं. धाकट्याने माझ्याशी बोलणं टाकलं. जाताना एवढंच म्हणाला, ताई, तू माझ्याच पोटावर पाय दिलास. मला वाईट वाटलं, तरी दुसऱ्या दिवशी मी बसमध्येच बसले. ती मुलगी पुढच्या सीटवर पुस्तक उघडून बसायची आणि उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायची.

सुरुवातीला गाडी भरून जायची. मग एक दिवस उशिरा आली, एक दिवस आलीच नाही. एमआयडीसीत जाणाऱ्या बायकांना गेटवरून परत पाठवलं. मी घरोघर फिरले, थोडं सांभाळून घ्या म्हणाले. भाजीवाली मावशी म्हणाली, "तुझी बस चांगली हाय गं, पण कधी येल ते देवालाच ठावं. तुझा भाऊ निदान येतो तरी."  मी परत साहेबांकडे गेले. ड्रायव्हर कमी आहेत, म्हणाले, गर्दीच्या रूटला गाडी द्यावी लागते. तुमच्याकडची माणसं वाढली की वेळ पक्की करू. मी म्हटलं, वेळ पक्की झाली की माणसं वाढतील.  "मला कळतंय, ताई," ते म्हणाले. आणि त्यांना खरंच कळत होतं, म्हणूनच मी उठून निघाले.

एका संध्याकाळी ती मुलगी बदलापूरला थांब्यावर उभी आहे. दिवे लागतात, बस येत नाही. धाकटा तिला ओळखतो. तो तिला एकटीला रिक्षात घालतो आणि थेट वाडीत सोडतो. बाप वाटेवरच उभा असतो. तो धाकट्याला हात जोडतो आणि मुलीला आत जा म्हणतो. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजला गेली नाही. धाकटा त्यानंतर पहिल्यांदा माझ्याकडे जेवायला आला.  "मी रोज सोडलं असतं गं," म्हणाला, "पण रोज एकट्या पोरीला परक्याच्या रिक्षातून कोण येऊ देईल?" मीही तिच्या बापाकडे दोनदा जाऊन आले. त्याने पाणी दिलं, पण ऐकलं नाही. पुढे बस कधी बंद झाली ते नीट कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती मुलगी आता रस्त्यालगतच्या एका फार्महाऊसवर झाडलोटीला जाते. परवा दिसली तेव्हा तिने विचारलं, मावशी, बस सुरू होईल का परत? मी बघू म्हटलं.

धाकट्याचा राग गेला, बायका मला काही बोलत नाहीत, ऑफिसातले साहेब बदलून गेले. तुला हे का लिहितेय कळत नाही. लिहून झालं की कागद गॅसवर धरेन, माझ्या सुनेच्या हाती लागायला नको. आणखी एक, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. या वयात मी स्कूटर शिकतेय. अंबरनाथला दवाखान्यामागच्या मैदानात, दुपारच्या सुट्टीत. परवा पहिल्यांदा पाय न टेकता फेरी मारली. बस उद्या परत सुरू झालीच, तर मी तिच्यात बसेन की नाही, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही.