गुलाबाखालची बादली

थोरल्या,

तुझ्या बायकोचं गुलाबाचं रोप न्हाणीघरात ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलंय. तिला जरा सांभाळून सांग. मला त्याखालची बादली हवी होती.

काल तू विहिरीचं पाणी मोजलंस. पंपाशेजारच्या भिंतीवर तुझ्या बाबांनी लिहिलंय, ‘एक बादली, चाळीस सेकंद.’ तुला लागले सत्तर. विहीर आटत चालली, आता घर विकू, म्हणालास. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळत राहिला. बाबा मोजायचे तेव्हा घड्याळ माझ्या हातात असायचं आणि बादली पत्र्याची, लहान होती. तुझी प्लास्टिकची तिच्या जवळजवळ दुप्पट आहे रे!

म्हणून आज तीच काढली. कुंडी करताना पाडलेली भोकं मेणाने बुजवली, तासभर पंप चालू ठेवला आणि मग तीनदा मोजलं. एकेचाळीस, चाळीस, एकेचाळीस. वरचा सेकंद भोकांच्या नावावर.

उद्या गिऱ्हाईक आणू नका, असं दलालाला सांगायला चालले आहे. तुझा विश्वास बसणार नाहीच, तेव्हा स्वतः मोज. बादली नळाखाली ठेवलीय.

पण मी येईपर्यंत थांब. घड्याळ मी धरणार.

आई