कूलंटच्या ड्रममधली रातराणी

२ जून

गणराजने अंगणात फरशी घालायला घेतली आणि रातराणी मुळासकट काढली. मला फोन केला तो सगळं झाल्यावर! म्हणे, "ताई, साप येतात तिच्यापायी." आई होती तोवर एकही साप आला नाही. तिच्या हातचं तेवढंच माहेरी, परभणीला उरलं होतं. तोडलेल्यातली एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून ट्रॅव्हल्सवाल्याकडे दे, असं सांगितलंय. भाऊ माझा, पण भरवसा नाही.

४ जून

फांदी आली – माना टाकलेली. नाशिक फाट्यावरून घरी आणेपर्यंत माझं रडू थांबेना. आण्णा गच्चीवर होते. सासरे माझे फार बोलत नाहीत. नखाने साल जराशी खरवडली आणि मला दाखवली. "रडतीस कशाला? हिरवी हाय की अजून." तिच्या तीन काड्या केल्या, दुधाच्या पिशव्यांत लावल्या. जन्म कंपनीच्या पेंट शॉपमध्ये, रंगाचे फवारे मारण्यात गेला, पण हात अगदी माळ्याचे.

लग्नानंतर पहिल्यांदा स्वयंपाक केला तो दिवस आठवला. आमच्याकडचा काळा मसाला घातला तर माझा नवरा निरंजन ठसकला, सासूबाई पाणी पीत सुटल्या. मी ओट्याला तोंड करून उभी. तेवढ्यात आण्णा बाहेरून आले. "काय फोडणीचा वास सुटलाय, सूनबाई! पार कोपऱ्यापर्यंत आला." आणि दोनदा वाढून घेतलं. त्या दिवसापासून हे घर मला परकं वाटलं नाही.

२५ जून

दोन काड्या कुजल्या. एकच राहिली. आण्णा म्हणतात, "एक लागली तरी बास."

११ जुलै

पालवी फुटली!

३ ऑगस्ट

सासूबाई माझ्या नणंदेच्या, पिंकीच्या बाळंतपणासाठी राजगुरुनगरला गेल्यात. स्वयंपाक आणि कंपनी, दोन्हीत माझी तारांबळ. आज आण्णा ओट्याशेजारी बसून लसूण सोलत होते आणि दूध करपून पातेलं काळं झालं तरी उठले नाहीत! वास येताच मी कपडे तिथेच टाकून गच्चीवरून धावत आले. "लक्ष नव्हतं," म्हणाले. चिडले मी, पातेलं घासायला घेतलं.

१० ऑगस्ट

रातराणीला पिशवी पुरेना. आण्णांनी चाकणच्या भंगारवाल्याकडून कूलंटचा, म्हणजे मशिन थंड ठेवायच्या तेलकट पाण्याचा, रिकामा प्लॅस्टिकचा ड्रम आणला. आमच्या इथे प्रत्येक गच्चीवर असले अर्धे कापलेले ड्रम दिसतात. कोणी तुळस लावतं, कोणी कढीपत्ता. आण्णांनी आपला ड्रम कापला, सोडा टाकून धुतला, तळाला भोकं पाडली. मी संध्याकाळी आले तर झाड लावूनसुद्धा झालं होतं. मला सर्दी, डोकं जड, तरी बघत बसले. काय रुबाबात उभी होती!

२२ ऑगस्ट

पानं पिवळी पडतायत. पाणी जास्त झालं असेल.

२७ ऑगस्ट

निम्मी पानं गळली. शेंड्यापर्यंत पिवळेपणा गेलाय. आईची ही शेवटची काडी. गेली तर परत कुठून आणू? परभणीला आता नुसती फरशी आहे.

२८ ऑगस्ट

काल रात्रभर पाऊस. सकाळी ड्रमखालून पाणी निघालं ते पांढरट, दुधासारखं. कंपनीत मशिनशेजारून रोज जाते मी, लगेच ओळखलं – कूलंट! वरची माती उकरली तर असा आंबूस, तेलकट वास आला की नाकाला ओढणी लावली. एवढा वास धुताना आण्णांना कसा आला नाही?

मी तसं विचारलंही, जरा तोडूनच. त्यांचा चेहरा उतरला. मग मांडी घालून बसले, झाड अलगद उपसलं, एकेक मूळ बादलीत धुतलं. पाणी बदलायचं, परत धुवायचं. काळी पडलेली मुळं कात्रीने काढली. मातीच्या कुंडीत, नव्या मातीत लावलं, जिन्याच्या सावलीत ठेवलं. जेवायलाही उठले नाहीत. इतक्या हळुवारपणे कोणी काही धुताना मी पाहिलं नव्हतं. माझा राग कधी गेला ते कळलं नाही.

१४ सप्टेंबर

काडीला नवा डोळा फुटलाय. हिरवा!

५ ऑक्टोबर

सासूबाई परतल्या. आण्णा रोज शेंडे खुडतात. "आडवी फुटली पायजे, मंग फूल." कुंडी उन्हाकडे फिरवतात. अंबूबाई शेजारच्या गच्चीवरून म्हणाल्या, "साप येतील हो." आण्णा म्हणाले, "येऊ द्या. जिना चढून आला तर चहा पाजू."

६ नोव्हेंबर

कळ्या! बारीक, हिरवट, झुपक्यांनी. आण्णा रोज दिवेलागणीला विचारतात, "आला का वास?" अजून नाही म्हटलं की खाली जातात.

११ नोव्हेंबर

आला! कंपनीच्या बसमधून उतरून जिना चढत होते, तर मधल्या वळणावरच आला. पाय तिथेच थांबले. आई ओसरीवर शेंगा निवडत बसायची, तेव्हा यायचा तोच. आण्णा कुंडीशेजारीच बसले होते. त्यांनी विचारलं, "आला का वास?" मी मान डोलावली. "तसाच हाय का? आईच्यातला?" तसाच, म्हटलं. "मंग जमलं म्हणायचं."

फांदी त्यांच्यापुढे वाकवून म्हटलं, तुम्हीही घ्या ना. ते उठले आणि झारी ठेवायला गेले.

१२ नोव्हेंबर

सासूबाईंना हे सांगितलं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "त्यांना कुठला वास? पेंट शॉपात नाक गेलं. निरंजन शाळंत होता तवापासून कशाचाच येत न्हाई." निरंजनला विचारलं, तर त्याला वाटत होतं मला माहीतच आहे.

म्हणजे फोडणीचा वास कोपऱ्यापर्यंत आला, ते...

आज दिवेलागणीला आण्णांनी विचारायच्या आत मीच गच्चीवर गेले. शेजारी बसले आणि वास कसा आहे ते सांगत राहिले.