यादीतून गाळलेली वच्छी

प्रिय माय,

आज सकाळी पटनोंदणीचे कागद घेऊन घरोघर निघालो आणि पहिलंच घर आपलं आलं. उंबऱ्यात वच्छी तूर निवडत बसली होती. मी मास्तर, माझ्याच दारात लेखणी घेऊन उभा! कागद बाजूला ठेवून आधी तुला लिहायला बसलो. तू जाऊन चार महिने झाले. तू असताना हे बोलायची हिंमत नव्हती.

पाच वर्षांपूर्वी याच यादीतून मी वच्छीला गाळलं. सख्ख्या बहिणीला! यादी शाळेच्या भिंतीवर लागायची, आणि तिच्या नावापुढे 'बहिरी-मुकी' असं लिहावं लागलं असतं. तेव्हा शेलूबाजारचं स्थळ मला बघायला येणार होतं. 'घरात शाळेच्या वयाचं मूल नाही' असं लिहून मी मोकळा झालो. ते स्थळही जुळलं नाही.

तुला कळलं ते, तू तिला शाळेत घालायला गेलीस आणि अकोल्याच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेनं गावच्या शाळेचा दाखला मागितला तेव्हा. नावच नाही, तर दाखला कुठून?

तू तरी कशी गं! तपासणीला साहेब आले, तर सगळ्या मास्तरांदेखत तू शाळेच्या ओसरीवर उभी. "साहेब, विहारात घटना वाचून दाखवली आमाले. चौदा वर्साच्या आतल्या समद्या लेकराईले शाळा, असं लिहेल हाय. बहिरं सोडून, असं नाही लिहेल. मंग माह्या पोरीचं नाव काहून नाही?"

यादी कोणी केली, साहेबांनी विचारलं. आणि मी काय बोललो? "साहेब, घरात लेकरू नाही असं हिनंच सांगितलं."

तू माझ्याकडे बघितलंस. वाटलं, गेली नोकरी. पण तू पदर सावरून म्हणालीस, "हव साहेब, मीच म्हनलं. चुकलं माह्यं." साहेब तुझ्यावर खेकसले, पुढच्या साली बघू म्हणाले. मी खाली मान घालून दौत पुसत राहिलो.

घरी येऊन शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू मला भाकर वाढलीस. मग दर जूनला एवढंच विचारायचीस, "मास्तर, औंदा लिहतं का तिचं नाव?" नाव घातलं तर जुनी लबाडी उघडी पडेल, म्हणून मी टाळत राहिलो. काहून गं एकदाही माझा कान धरला नाहीस? मला इतकं झाकलंस कायले? लाज वाटते, माय.

वच्छी आता तेरा वर्षांची आहे. तू सांगितलेल्या घटनेतलं एकच वर्ष उरलंय तिचं.

आज पहिल्या ओळीत तिचं नाव लिहिलं. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. त्याच ओसरीवर, सगळ्यांदेखत सांगणार आहे, माझी माय खोटं बोलली नव्हती, मी बोललो. नोकरीचं व्हायचं ते होवो, दाखला घेऊन वच्छीला अकोल्याला मीच पोचवीन. आणि हे बोलताना तिला समोरच बसवीन. तिला ऐकू येणार नाही. पण पोरीले तोंडावरून समदं समजते, असं तूच म्हणायचीस ना? बघू दे तिला माझं तोंड.

तू ज्याला मास्तर म्हणायचीस तो,
सुखदेव
केनवड