झाकणं सैल ठेवली आहेत

बाबा,

आज कामावर लवकर जातेय, म्हणून उठवलं नाही. भाजलेला मासा आणि पालक फ्रीजमध्ये आहे, दुपारी गरम करून घ्या. साखर शोधू नका, ती शेजारच्या काकूंकडे ठेवली आहे. जेवणानंतर सांध्यांची गोळी घ्याच. अशा खाण्यानं सूज थोडी उतरेल, पण गोळी सुटणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत.

अक्रोडांवरून काल मी उगाच तोंड सोडलं. "मला नाही आवडत" म्हणालात आणि मी ते खरं धरलं. आज अक्रोडांची बरणी पुसताना झाकणाच्या कडेला तुमच्या हत्यारांतल्या पकडीचे ओरखडे दिसले. जन्मभर लोकांच्या घड्याळांची झाकणं उघडलीत, आता घरची बरणी उघडत नाही हे सांगणं जड गेलं असणार. सगळी झाकणं नुसती टेकवून ठेवली आहेत. मुंग्या लागल्या तर लागू देत.

गिऱ्हाइकाचं ते छोटं घड्याळ तसंच राहू द्या. संध्याकाळी मी शेजारी बसते. तुम्ही सांगा, स्क्रू मी फिरवते. चुकले तर लहानपणी ओरडायचात तसं ओरडा.

धाकटी